ट्रिप्टोफॅनच्या मागे पन्नास वर्षे : चार्ल्स यानोफ्स्की यांचे जीवाणूंवरील संशोधन

मराठवाड्यातल्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला एक प्रयोग चुकत नाही. विहिरीच्या, बोअरच्या किंवा उन्हाळ्यात गावात येणाऱ्या टँकरच्या पाण्यातून जीवाणू वेगळे करायचे, ते पेप्टोनच्या, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे मिसळलेल्या, पाण्यात ३७ अंश सेल्सिअसला एक-दोन दिवस वाढवायचे, मग नळीत कोव्हॅक्स रिएजंटचे काही थेंब सोडून वरच्या थराकडे पाहायचे. तिथे चेरीसारखे लाल कडे उमटले, तर वहीत ‘इंडोल पॉझिटिव्ह’ असे लिहायचे. अशा पाण्यात ई. कोलाय हा आतड्यातला जीवाणू असण्याची, म्हणजेच पाण्यात मैला मिसळला असण्याची शंका बळावते. ते लाल कडे इंडोल नावाच्या संयुगामुळे येते आणि जीवाणू ते इंडोल ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे तुकडे करून तयार करतो, एवढे पाठ्यपुस्तकात असतेच.

हा प्रयोग शिकवताना विद्यार्थ्यांनी एक प्रश्न विचारावा अशी माझी दरवर्षी इच्छा असते आणि तो क्वचितच कोणी विचारतो. ई. कोलाय ट्रिप्टोफॅन स्वतः घडवूही शकतो. पाच जनुके कामाला लावून, टप्प्याटप्प्याने, बरीच ऊर्जा खर्चून तो हे अमिनो आम्ल बनवतो. मग जो पदार्थ एवढ्या कष्टाने घडवायचा, तोच मोडण्याचे हत्यारही त्याने जवळ का बाळगावे? आणि आज घडवायचे की मोडायचे, हे त्या मेंदू नसलेल्या, मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढ्या पेशीला कळते तरी कसे? या प्रश्नाचे आज जे उत्तर आपल्याला ठाऊक आहे, त्याचा फार मोठा भाग चार्ल्स यानोफ्स्की या अमेरिकी शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या प्रयोगशाळेने शोधून काढला. जनुकशास्त्रातल्या दोन मूलभूत गोष्टीही याच एका अमिनो आम्लाचा पाठपुरावा करताना त्यांच्या हाती लागल्या.

ट्रिप्टोफॅनची ओळख आधी करून घेतली पाहिजे, कारण आपल्या ताटाशी त्याचा जवळचा संबंध आहे. प्रथिने ज्या वीस अमिनो आम्लांची बनतात, त्यांतले हे आकाराने सर्वांत मोठे, घडवायला सर्वांत महाग आणि प्रथिनांमध्ये अगदी थोड्या प्रमाणात आढळणारे. माणसाच्या शरीराला ते बनवता येत नाही. डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी अशा अन्नातूनच ते घ्यावे लागते. शरीर या ट्रिप्टोफॅनपासून थोडे नायसिन हे जीवनसत्त्वही तयार करते, पण साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन खर्ची पडावे तेव्हा १ मिलिग्रॅम नायसिन मिळते. दोन्हींचा तुटवडा पडला की पेलाग्रा होतो. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळपट चट्टे पडतात, हगवण लागते, पुढे बुद्धीवरही परिणाम होतो. हा रोग जगभर मक्यावर जगणाऱ्या गरिबांचा म्हणून ओळखला जाई. पण दख्खनमध्ये, ज्वारीवर पोट भरणाऱ्या मजुरांमध्येही तो दिसत होता, आणि १९६० मध्ये हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी त्याचा संबंध ज्वारीत भरपूर असणाऱ्या ल्युसीन या दुसऱ्या अमिनो आम्लाशी जोडला. ल्युसीनच्या या भूमिकेवर पुढे बरेच मतभेद झाले. मात्र नुसत्या भाकरीवर दिवस काढणे आणि भाकरीसोबत वरण किंवा शेंगदाण्याची चटणी असणे यांत फरक पडतो, आणि त्या फरकात ट्रिप्टोफॅनचाही वाटा आहे. हे सांगण्याचे कारण असे, की यानोफ्स्की यांच्या संशोधनाची सुरुवात याच ठिकाणाहून, म्हणजे ट्रिप्टोफॅनपासून नायसिन कसे बनते या प्रश्नापासून झाली.

बुरशीपासून जीवाणूकडे

यानोफ्स्की यांचा जन्म १७ एप्रिल १९२५ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. तिथल्याच सिटी कॉलेजात ते जीवरसायनशास्त्र शिकत असताना दुसरे महायुद्ध आले, सैन्यात जावे लागले आणि शिक्षण मध्येच थांबले. ते पूर्ण करून ते येल विद्यापीठात डेव्हिड बॉनर यांच्याकडे गेले व १९५१ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. बॉनर यांच्या प्रयोगशाळेत न्यूरोस्पोरा ही पावावर वाढणारी नारिंगी बुरशी वापरली जाई. याच बुरशीवर बीडल आणि टेटम यांनी १९४१ मध्ये ‘एक जनुक, एक एन्झाइम’ ही कल्पना मांडली होती. एन्झाइम म्हणजे पेशीतली एकेक रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. एखादे जनुक बिघडवले की नेमके एक एन्झाइम निकामी होते आणि पदार्थ बनवण्याची साखळी नेमक्या त्याच कडीपाशी तुटते, असे त्यांनी दाखवले. तरुण यानोफ्स्की यांनी हीच रीत वापरून ट्रिप्टोफॅनपासून नायसिनपर्यंतच्या वाटेवरचे टप्पे शोधले. त्यातला कायन्युरेनिन हा टप्पा त्यांनी आणि बॉनर यांनी १९५० च्या निबंधात दाखवला.

मात्र ‘एक जनुक, एक एन्झाइम’ या वाक्यात एक मोठी रिकामी जागा होती. जनुक एन्झाइमचे नेमके काय ठरवते? ते बनणार की नाही एवढेच, की त्याची घडणही? १९५३ मध्ये डीएनएची दुहेरी सर्पिल रचना कळली आणि प्रश्नाला धार आली. जनुक ही चार अक्षरांची लांब ओळ आहे आणि प्रथिन ही वीस प्रकारच्या मण्यांची लांब माळ आहे, तर ओळीतला क्रम माळेतला क्रम ठरवतो का? अनेकांना तसे वाटत होते, पण तसे वाटणे आणि ते दाखवून देणे यांत अंतर होते.

१९५४ मध्ये यानोफ्स्की क्लीव्हलँडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात गेले आणि १९५८ पासून अखेरपर्यंत कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात राहिले. याच काळात त्यांनी बुरशीऐवजी ई. कोलायकडे मोर्चा वळवला. अनुकूल परिस्थितीत हा जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो. त्याच्या जनुकांचे तुकडे विषाणूंच्या पाठीवर बसवून एका पेशीतून दुसऱ्या पेशीत नेता येतात. आणि कोट्यवधी पेशींतून हवी ती एखादीच पेशी निवडता येते, कारण ट्रिप्टोफॅन नसलेल्या खाद्यावर ते स्वतः बनवू शकणारी पेशीच तेवढी वाढते आणि बाकीच्या उपाशी राहतात. शेतात एकच दाणा रुजावा आणि बाकीचे सगळे पडून राहावेत, तशी ही निवड असते.

ट्रिप्टोफॅन घडवण्याचा शेवटचा टप्पा ज्या एन्झाइमवर अवलंबून असतो, त्याला तेव्हा ट्रिप्टोफॅन सिंथेटेज म्हणत. आयर्व्हिंग क्रॉफर्ड आणि यानोफ्स्की यांनी १९५८ मध्ये दाखवले, की ई. कोलायमध्ये हे एन्झाइम दोन वेगवेगळ्या प्रथिनांचे मिळून बनते. ए नावाचे प्रथिन इंडोल सुटे करते आणि बी नावाचे प्रथिन त्या इंडोलला सेरीन हे अमिनो आम्ल जोडून ट्रिप्टोफॅन तयार करते. त्याच वर्षी न्यूरोस्पोराच्या एन्झाइमविषयी त्यांनी आणखी एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली : या दोन क्रियांच्या मध्ये इंडोल मोकळे बाहेर पडतच नाही. त्याचे कारण तीस वर्षांनी, १९८८ मध्ये, दुसऱ्या संशोधकांनी साल्मोनेला या जीवाणूतील एन्झाइमची त्रिमितीय रचना काढली तेव्हा डोळ्यांना दिसले. दोन प्रथिनांच्या आतून सुमारे २५ अँगस्ट्रॉम लांबीचा बोगदा आहे आणि इंडोल त्यातूनच इकडून तिकडे सरकते. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.

स्टेशनांचा क्रम

ओळीतला क्रम माळेतला क्रम ठरवतो का, हे पाहण्यासाठी यानोफ्स्की यांनी ए प्रथिनाचे जनुक निवडले. योजना ऐकायला सोपी होती. या जनुकात वेगवेगळ्या जागी बिघाड झालेले जीवाणू गोळा करायचे. प्रत्येक बिघाड जनुकावर कुठे आहे याचा नकाशा करायचा. मग प्रत्येक जीवाणूतले बिघडलेले प्रथिन शुद्ध करून त्यातला कोणता मणी बदलला आहे तो शोधायचा. शेवटी दोन नकाशे शेजारी ठेवून पाहायचे.

पहिला नकाशा कसा करतात? दोन बिघडलेल्या जीवाणूंच्या जनुकांची अदलाबदल होऊ दिली, तर क्वचित असा एक संकर निघतो ज्यात दोघांचाही चांगला भाग एकत्र येतो आणि जनुक पुन्हा धडधाकट होते. दोन बिघाड एकमेकांपासून जितके दूर, तितकी त्यांच्यामध्ये अदलाबदल होण्याची संधी जास्त आणि तितके असे संकर जास्त. म्हणजे संकरांची संख्या मोजली की अंतर कळते. एसटीच्या तिकिटाचा दर टप्प्यांवर ठरतो. कोणाला रस्ता मुळीच माहीत नसला, तरी परभणीहून कुठल्या गावाचे तिकीट किती हे विचारून तो गावांचा क्रम आणि अंतरे कागदावर मांडू शकेल. जनुकशास्त्रज्ञ तेच करत होते, आणि त्यांचे वाहन होते पी-१ नावाचा, जीवाणूंना लागणारा विषाणू.

दुसरा नकाशा अवघड होता, आणि इथली एक युक्ती मला फार आवडते. बिघडलेले एन्झाइम काम करत नाही, मग हजारो प्रथिनांच्या गर्दीतून ते ओळखून शुद्ध कसे करायचे? प्रथिन शुद्ध करताना प्रत्येक पायरीला ‘ते इथे आहे का’ हे त्याच्या कामावरूनच तपासले जाते. पण ए प्रथिन स्वतः निकामी झाले असले, तरी बऱ्याच वेळा ते आपल्या जोडीदार बी प्रथिनाला चिकटून त्याचा वेग मात्र वाढवत असे. म्हणून बी किती जोमाने चालते हे मोजत मोजत बिघडलेले ए प्रथिन शुद्ध करता आले. दोन प्रथिनांचे हे एन्झाइम निवडले नसते, तर हा रस्ताच मिळाला नसता.

शुद्ध केलेल्या प्रथिनाचे पाचक एन्झाइमने लहान तुकडे करून, ते कागदावर पसरवून, सुदृढ प्रथिनाच्या तुकड्यांशी ताडून पाहायचे आणि जो तुकडा वेगळा सरकला असेल त्यातला मणी शोधायचा, ही पद्धत व्हर्नन इंग्रॅम यांनी काही वर्षांपूर्वीच सिकलसेलच्या हिमोग्लोबिनवर वापरली होती. त्या आजारात एकच अमिनो आम्ल बदललेले असते, हे तेव्हाच कळले. यानोफ्स्की यांच्या प्रयोगशाळेला मात्र हे काम एका नव्हे, अनेक बिघडलेल्या प्रथिनांवर आणि अडीचशेहून अधिक मण्यांच्या माळेवर करायचे होते. आजच्यासारखी यंत्रे नव्हती. वर्षानुवर्षे हे बहुतांशी हातानेच चालले.

१९६४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जनुकावर बिघाड ज्या क्रमाने होते, त्याच क्रमाने प्रथिनातले बदललेले मणी होते, आणि जनुकावर जे बिघाड एकमेकांच्या जवळ, त्यांचे मणीही माळेत जवळ. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड ही स्टेशने रुळांवर ज्या क्रमाने आहेत, त्याच क्रमाने गाडीच्या वेळापत्रकात येतात, तसे. याला समरेखता म्हणतात. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर यांच्या गटानेही एका विषाणूच्या प्रथिनावर, अगदी वेगळ्या पद्धतीने, हाच निष्कर्ष काढला. त्या निबंधाचे पहिले लेखक आनंद साराभाई हे भारतीय होते. ए प्रथिनातील मण्यांचा संपूर्ण क्रम यानोफ्स्की यांच्या गटाने १९६७ मध्ये पूर्ण केला. पुढे १९७७ मध्ये वरच्या दर्जाच्या सजीवांची जनुके मध्ये मध्ये तुटलेली असतात, हे कळले, तरीही अर्थ असलेल्या भागांचा क्रम आणि प्रथिनाचा क्रम जुळतो ही गोष्ट तशीच राहिली.

या कामातला एक तपशील अधिक खोल आहे. ए प्रथिनात एका ठिकाणी सुदृढ जीवाणूत ग्लायसिन असते. एका बिघाडात तिथे आर्जिनिन आले होते आणि दुसऱ्या बिघाडात त्याच ठिकाणी ग्लुटामिक आम्ल आले होते. एकाच मण्याची जागा, दोन वेगळे बदल. या दोन जीवाणूंचा संकर केला तेव्हा अगदी क्वचित का होईना, पुन्हा ग्लायसिन असलेले सुदृढ जीवाणू मिळाले! याचा अर्थ एका मण्यासाठी जनुकात जो शब्द असतो, तो स्वतः अखंड नसून अक्षरांचा बनलेला आहे आणि अदलाबदल त्या शब्दाच्या आतही होऊ शकते. ‘कमळ’ या शब्दातले पहिले अक्षर एकाने बिघडवून ‘जमळ’ केले आणि दुसरे अक्षर दुसऱ्याने बिघडवून ‘कजळ’ केले, तर दुसऱ्याचे पहिले अक्षर आणि पहिल्याची पुढची दोन अक्षरे घेतली की ‘कमळ’ परत मिळते. १९६६ पर्यंत नीरेनबर्ग, खुराना आणि इतरांनी जनुकीय संकेत, म्हणजे कोणता शब्द कोणत्या मण्यासाठी असतो हे, पूर्ण उलगडले, तेव्हा हे अक्षरशः तपासता आले. ग्लायसिनचा शब्द जीजीए, आर्जिनिनचा एजीए, ग्लुटामिक आम्लाचा जीएए. परीक्षानळीत काढलेला संकेत जिवंत पेशीतही तोच चालतो, याची साक्ष ट्रिप्टोफॅनच्या या जनुकाने दिली.

पाणी सोडायचे की अडवायचे

इतक्यावर थांबूनही यानोफ्स्की यांचे नाव राहिले असते. पण त्यांच्या कारकिर्दीतला माझ्या मते सर्वांत सुंदर भाग यानंतरचा आहे, आणि तो समजून घ्यायला थोडा वेळ दिला पाहिजे.

ट्रिप्टोफॅन घडवणारी पाच जनुके ई. कोलायच्या डीएनएवर एकापाठोपाठ एक बसलेली असतात आणि एकत्रच चालू किंवा बंद होतात. अशा समूहाला ऑपेरॉन म्हणतात. डीएनएवरून आधी आरएनएची प्रत निघते आणि त्या प्रतीवरून रायबोसोम हे यंत्र प्रथिन विणते. १९६० च्या सुमारास माहीत असलेली व्यवस्था अशी होती : पेशीत ट्रिप्टोफॅन भरपूर झाले की ते रिप्रेसर नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटते, ट्रिप्टोफॅन चिकटलेला रिप्रेसर ऑपेरॉनच्या तोंडाशी डीएनएवर बसतो आणि प्रत निघणेच थांबते. ट्रिप्टोफॅन कमी झाले की रिप्रेसर सुटतो आणि काम सुरू होते. पैठणच्या नाथसागरातून निघणाऱ्या कालव्याच्या मुखाशी असलेल्या दारासारखीच ही व्यवस्था. दार उघडले की पाणी, मिटले की कोरडे.

पण काही आकडे जुळत नव्हते. रिप्रेसरच नष्ट केलेल्या जीवाणूंमध्येही ट्रिप्टोफॅनच्या तुटवड्यात ऑपेरॉनचे काम आणखी वाढत असे. मुखाचे दार कायमचे उघडे टाकले तरी पाणी कमीजास्त होते, म्हणजे पुढे कुठेतरी दुसरे दार आहे. १९७३ मध्ये एथेल जॅक्सन आणि यानोफ्स्की यांनी दाखवले, की मुख आणि पहिले जनुक यांच्यामधला डीएनएचा एक तुकडा कापून टाकला तर ऑपेरॉनचा जोर वाढतो. ज्या तुकड्यात जनुकच नाही, तो काढल्यावर काम वाढते, म्हणजे तो तुकडा कामाला आवर घालत असला पाहिजे. या आवर घालण्याला ॲटेन्युएशन हे नाव पडले.

त्या भागाचा आरएनए वाचला तेव्हा तो १६२ अक्षरांचा निघाला आणि त्यात दोन आश्चर्ये होती. पहिले असे, की त्यात १४ मण्यांच्या एका छोट्या प्रथिनाचा मजकूर होता आणि त्यातला दहावा व अकरावा मणी, दोन्ही ट्रिप्टोफॅन. ज्या अमिनो आम्लाची सगळ्यात टंचाई, त्याचीच दोन मणी लागोपाठ मागणी! दुसरे असे, की त्या आरएनएचे चार पट्टे एकमेकांना जुळतील अशा अक्षरांचे होते. दुसरा पट्टा तिसऱ्याशी जुळू शकतो, किंवा तिसरा चौथ्याशी, पण तिसरा एका वेळी दोघांशी जुळू शकत नाही.

अंबाडीची दोरी ज्यांनी वळली आहे, त्यांना ठाऊक असेल : पीळ जास्त झाला आणि दोरी जरा सैल सोडली की ती आपल्याच अंगाभोवती वळून गाठ घेते. पण ज्या ठिकाणी आपण बोटांनी दोरी दाबून धरली आहे, तिथे गाठ पडत नाही, ती पुढे सरकून पडते. आरएनएचेही असेच असते. तिसरा आणि चौथा पट्टा एकमेकांत गुंतले, की जी गाठ पडते ती प्रत काढणाऱ्या यंत्राला तिथेच थांबवते आणि प्रत सुटून पडते. दुसरा आणि तिसरा गुंतले, तर तिसरा आधीच अडकलेला असल्याने ती थांबवणारी गाठ पडूच शकत नाही आणि प्रत पुढच्या पाच जनुकांपर्यंत जाते.

मग दोरी दाबून धरणारी बोटे कोणाची? रायबोसोमची. जीवाणूत केंद्रक नसल्याने प्रत निघत असतानाच रायबोसोम तिच्यावर चढतो आणि मागोमाग चालू लागतो, जसे औत पुढे चालते आणि त्याच तासातून मागून बी टोकणारी बाई येते. पेशीत ट्रिप्टोफॅन भरपूर असेल तर रायबोसोम त्या दोन ट्रिप्टोफॅनच्या जागा न अडखळता ओलांडतो, छोट्या प्रथिनाच्या शेवटापर्यंत येतो आणि दुसरा पट्टा आपल्या अंगाखाली झाकून टाकतो. तिसऱ्याला मग चौथ्याशिवाय सोबत उरत नाही, थांबवणारी गाठ पडते आणि काम बंद. पेशीत ट्रिप्टोफॅनची टंचाई असेल तर रायबोसोम त्या दोन जागांवरच, पहिल्या पट्ट्यात, ट्रिप्टोफॅनची वाट पाहत थांबून राहतो. दुसरा पट्टा मोकळा राहतो, तो तिसऱ्याला धरतो, थांबवणारी गाठ पडत नाही आणि जनुकांचे काम सुरू होते. म्हणजे पेशी टंचाईचा अंदाज करत नाही. ट्रिप्टोफॅन लागेल असे एक लहानसे काम ती प्रत्यक्ष करून पाहते आणि ते अडले तर कारखाना चालू करते.

ही कल्पना सुरेख आहे म्हणून कोणी मान्य केली नाही. तिला पुरावे द्यावे लागले. रायबोसोमपर्यंत ट्रिप्टोफॅन वाहून आणणारा टीआरएनए ज्या जीवाणूंत सदोष होता, त्यांत ट्रिप्टोफॅन भरपूर असूनही प्रत थांबत नव्हती. पट्ट्यांतली अक्षरे बदलून गाठ सैल केली की थांबणे कमी होत होते. आणि सर्वांत बोलका पुरावा इतर ऑपेरॉनमधून आला. हिस्टिडिन घडवणाऱ्या ऑपेरॉनच्या सुरुवातीच्या छोट्या प्रथिनात लागोपाठ सात हिस्टिडिन सापडले. फेनिलॲलनिनच्या ऑपेरॉनमध्ये १५ मण्यांच्या प्रथिनात सात फेनिलॲलनिन होते. ज्याची टंचाई मोजायची, त्याचीच मागणी.

दोन दारांचा एकत्रित परिणाम मोठा आहे. रिप्रेसरमुळे ऑपेरॉनचे काम सुमारे सत्तर पटींनी कमीजास्त होते, ॲटेन्युएशनमुळे आणखी आठ ते दहा पटींनी, म्हणजे दोन्ही मिळून सहाशे-सातशे पटींपर्यंत. शिवाय दोघे एकच गोष्ट मोजत नाहीत. रिप्रेसर पेशीत मोकळे ट्रिप्टोफॅन किती आहे ते पाहतो. ॲटेन्युएशन मात्र टीआरएनएवर चढलेले, वापरायला तयार ट्रिप्टोफॅन किती आहे ते पाहते. धरणात पाणी किती आणि शेताच्या बांधापर्यंत पाणी पोहोचले किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मराठवाड्यातल्या वाचकाला मी वेगळे सांगायला नको.

यानोफ्स्की यांना १९७१ चा लास्कर पुरस्कार सेमूर बेंझर आणि सिडनी ब्रेनर यांच्यासह मिळाला. २००३ सालचे अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदकही मिळाले. नोबेल मिळाले नाही. मला ते अन्यायाचे वाटते, कारण समरेखता आणि ॲटेन्युएशन यांतले एकेक काम त्या तोलाचे होते.

मातीतला जीवाणू आणि पुन्हा ते लाल कडे

वयाच्या सत्तरीतही त्यांनी ट्रिप्टोफॅन सोडले नाही. आपल्या काळ्या मातीत भरपूर असणाऱ्या बॅसिलस सब्टिलिस या जीवाणूत हेच नियंत्रण अगदी दुसऱ्या रीतीने होते. तिथे ट्रॅप नावाच्या प्रथिनाच्या अकरा प्रती मिळून एक चक्र बनते. ट्रिप्टोफॅन भरपूर असले की ते चक्राच्या खाचांत बसते आणि मग आरएनए त्या चक्राच्या कडेने गुंडाळला जातो, त्यामुळे थांबवणारी गाठ पडू शकते. ट्रॅपलाही आवरणारे एक प्रथिन, अँटी-ट्रॅप, यानोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये जाहीर केले. दोन जीवाणूंनी एकच प्रश्न सोडवला आहे, उत्तरे वेगवेगळी आहेत.

आता सुरुवातीच्या नळीकडे. ट्रिप्टोफॅन मोडणाऱ्या एन्झाइमला ट्रिप्टोफॅनेज म्हणतात. ते ट्रिप्टोफॅनचे इंडोल, पायरुव्हेट आणि अमोनिया असे तुकडे करते, आणि पायरुव्हेटवर पेशी ऊर्जा मिळवते. घडवण्याची जनुके ट्रिप्टोफॅनच्या टंचाईत चालू होतात, तर मोडण्याची जनुके उलट ट्रिप्टोफॅन भरपूर असताना. या ऑपेरॉनच्या आरंभीही २४ मण्यांच्या एका छोट्या प्रथिनाचा मजकूर आहे, पण इथे रायबोसोम वेगळ्या कारणाने थांबतो, हे फेंग गोंग आणि यानोफ्स्की यांनी २००२ मध्ये दाखवले. ते छोटे प्रथिन विणून पूर्ण होते, तरी ते रायबोसोममध्येच अडकून राहते, आणि पेशीत ट्रिप्टोफॅन भरपूर असेल तरच ते असे अडकते. अडकलेला रायबोसोम आरएनएवरची एक जागा झाकून ठेवतो. ऱ्हो नावाचे प्रथिन त्या जागी बसून प्रत तोडू शकले असते, पण जागा झाकलेली असल्याने प्रत पुढे जाते आणि ट्रिप्टोफॅनेज तयार होते. ट्रिप्टोफॅन कमी असेल तर छोटे प्रथिन सुटते, रायबोसोम निघून जातो, ऱ्हो येतो आणि काम थांबते. या ऑपेरॉनमध्ये बाहेरचे ट्रिप्टोफॅन पेशीत ओढून आणणाऱ्या एका प्रथिनाचे जनुकही शेजारीच आहे.

पेप्टोनमध्ये ट्रिप्टोफॅन मुबलक असते. म्हणून त्या नळीतला ई. कोलाय घडवण्याचे जनुक गुंडाळून ठेवतो, मोडण्याचे चालू करतो, बाहेरचे ट्रिप्टोफॅन आत ओढतो आणि त्याचे इंडोल बाहेर टाकतो, ज्याचे कडे आपल्याला दिसते. यावर आणखी एक वरचा हुकूम असतो : सोपे इंधन म्हणून ग्लुकोज हाताशी असेल तर पेशी ट्रिप्टोफॅन मोडण्याच्या वाटेला जात नाही. म्हणूनच या चाचणीच्या माध्यमात ग्लुकोज घालत नाहीत. यानोफ्स्की १६ मार्च २०१८ रोजी वारले. पुढच्या प्रात्यक्षिकाच्या वेळी विद्यार्थ्यांनी दोन नळ्या घ्याव्यात, एकीत थोडे ग्लुकोज घालावे, दुसरीत घालू नये, दोन्हींत तोच ई. कोलाय वाढवावा आणि दुसऱ्या दिवशी कोव्हॅक्सचे थेंब सोडावेत. ग्लुकोज नसलेल्या नळीत कडे लाल होईल आणि ग्लुकोजच्या नळीत वरचा थर बहुधा पिवळटच राहील.